खाली म्हणजे खाली

९ जानेवारी १९९७, गुरुवार

काल, बुधवारी, सकाळी मी काय काय केलं ते नीट आठवून लिहून ठेवतो.

साडेचारला उठलो. पंचगंगा घाटावर गेलो. धुकं, इथला कोहरा, इतकं की शेवटच्या चार पायऱ्या पायानं चाचपत उतरलो. तीन बुड्या. बिंदुमाधवाचं दर्शन. वर चढताना दोनदा थांबावं लागलं, पन्नाशी आली. घरी चहा, एक माळ जप. साडेनऊला संगणक केंद्रात.

दहाच्या सुमारास सगळ्या फायलींवर चाळण चालवली. चाळण म्हणजे मीच लिहिलेला तपासणीचा प्रोग्रॅम. माझ्या सहकारी सरोज शुक्ला यांच्या आणि माझ्या प्रोग्रॅमांतली नावं आणि टिपा नियमाला धरून आहेत का, एवढंच तो बघतो. रकान्याच्या नावाचं पहिलं अक्षर प्रकार सांगणारं हवं, नाव दहा अक्षरांच्या आत हवं, टिपेची ओळ सत्तरच्या आत हवी, वगैरे. रुग्णालयात हे प्रोग्रॅम सोमवारी चालू झाले, त्यानंतरची ही पहिली पूर्ण तपासणी. प्रिंटर थांबला. कागदाच्या तळाशी: एकूण दोष ०. कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, तारीख घातली, कागद फायलीत लावला. बरं वाटलं. मनातल्या मनात नमस्कारही केला.

त्याच वेळी, दहाच्याच सुमारास, रुग्णालयाच्या खिडकीवरून एका बाईंना जागा नाही म्हणून परत पाठवलं. रामनगरहून आणलं होतं त्यांना. पडद्यावर महिला वॉर्डात एकही खाट रिकामी दिसत नव्हती. प्रत्यक्षात चार होत्या.

परत नेताना पुलावरच गेल्या.

आज दुपारी कळलं. पुढे लिहवत नाही.


१० जाने., शुक्र.

वर्मासाहेबांनी बोलावलं. केंद्राचे प्रमुख, पण प्रोग्रॅम वाचता येत नाहीत, कागद वाचता येतात. हे ते स्वतःच सांगतात. म्हणाले, "काले जी, जाँच आप ही कर दीजिए. नियम आपके, छन्नी आपकी. आपसे अच्छा कौन करेगा?" मी काळे. इथे काशीत चोवीस वर्षं 'काले'. ळ यांच्या यंत्रात नाही आणि तोंडातही नाही.

सरोजजींना अहवाल येईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. त्या अकरा वर्षं एकेका वर्षाच्या करारावर आहेत. करार ३१ तारखेला संपतो. नवरा बरेच दिवस घरी बसून, दोन मुली शाळेत. मी कायम नोकरीतला.

काम दोघांनी वाटून घेतलं होतं. खाटांची फाईल माझी, तीत नोंदी करणारा प्रोग्रॅम माझा. खिडकीवरच्या कारकुनाला रिकाम्या खाटा दाखवणारा पडदा सरोजजींचा. त्यांचा कागद काढून बसलो. दहा-बारा मिनिटांत सापडलं. खाट रिकामी आहे का हे बघायचं तर रुग्णाच्या नंबराचा रकाना कोरा आहे का ते बघायला हवं. त्यांनी बघितलाय LKHALI. तो रकाना मी मजल्यासाठी ठेवलेला. आधीचा L म्हणजे उत्तर फक्त हो किंवा नाही. पुढे KHALI, खालचा वॉर्ड. हो असेल तर खालचा, पुरुषांचा. नाही असेल तर वरचा, बायकांचा. म्हणजे त्यांच्या पडद्यावर खालच्या सगळ्या खाटा कायम रिकाम्या आणि वरच्या सगळ्या कायम भरलेल्या.

चाचणीत कसं कळलं नाही? डिसेंबरात खालचा वॉर्ड रंगकामासाठी बंद होता, सगळ्या खाटा रिकाम्याच. वरचा भरलेला. चुकीच्या ओळीनं बरोबर उत्तर दिलं. सोमवारी, मंगळवारीही वरचा वॉर्ड खरोखरच भरलेला होता. बुधवारी सकाळी चौघी बऱ्या होऊन घरी गेल्या आणि उत्तर खोटं झालं.

ओळ दुरुस्त केली, पाच मिनिटांचं काम. अर्ध्या पानाचा अहवाल: रकान्याचा अर्थ समजून न घेता वापर, नामनियमांकडे दुर्लक्ष. सही केली, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि घरी आलो.

इतकी साधी चूक. खालच्या मजल्याचा आणि रिकाम्या खाटेचा काय संबंध? सरोजजी हुशार बाई. समजत नाही.


११ जाने., शनि.

सकाळी स्वैपाकघरातून सौ. म्हणाली, "अहो, पिठाचा डबा खाली आहे."

मी ओट्याच्या खाली वाकून बघितलं. म्हटलं, "खाली कुठे? नाही दिसत."

ती हसायला लागली. डबा तिच्या हातातच होता, उपडा. "खाली म्हणजे खाली! तुमच्या भाषेत रिकामा. इतकी वर्षं झाली तरी तुमचं गाव काही सुटत नाही."

ती इथली. चार पिढ्या काशीत. तिच्या मराठीत डबा खाली होतो, नळ बिगडतो, मुलगी परेशान असते. मी बावीस वर्षं तिला सांगतोय, रिकामा म्हण.

मी तिथेच खाली बसलो. तिला वाटलं चक्कर आली.


१३ जाने., सोम.

सकाळी लौकर केंद्रात गेलो. साहेब लखनौला गेलेत, गुरुवारपर्यंत नाहीत. अहवाल बरोबर नेला की टेबलावरच आहे, माहीत नाही. ड्रॉवर उघडून बघणं शोभलं नसतं.

LKHALI हे नाव कसं पडलं ते आज आठवून काढलं. जुन्या छापील कागदांवरून तारीख मिळाली, १८ नोव्हेंबर.

आधी मी नाव दिलं होतं LLOWER. L हो-नाहीचा, पुढे LOWER. अगदी बरोबर नाव. पण चाळणीनं ते परत पाठवलं. आमच्या जुन्या कीबोर्डची बटणं अडकतात, एका अक्षराची दोन होतात, म्हणून मीच नियम सात घातला होता: नावाच्या सुरुवातीला तेच अक्षर दोनदा आलं तर दोष धरावा. चाळणीला वाटलं बोट अडकलं. माझाच नियम, माझाच प्रोग्रॅम, त्याच्याशी भांडणार कसा? दुसरं नाव सुचेना. GROUND सुचायला हवा होता. आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी आठवीला आलं, तेही जे गुरुजी गणित शिकवायचे त्यांच्याकडून. मला शब्द शोधावे लागतात. डबा खायची वेळ झाली होती. LKHALI लिहिलं, नंतर बदलू म्हटलं. चाळण चालवली. दोष ०.

नियम चार: सर्व नावे इंग्रजीतच द्यावीत. हाही माझाच. पण चाळणीला भाषा कळत नाही, ती अक्षरं मोजते.

चोवीस वर्षं दिवसभर हिंदी बोलतो. हिंदीत हाच शब्द रोज रिकाम्यासाठी वापरतो. "कुर्सी खाली है क्या?" असं विचारतो. तोंडाला हिंदी आली, बोटांना आली नाही.

शुक्रवारी तो कागद दहा मिनिटं डोळ्यांसमोर होता, तरी दिसलं नाही. स्वतः ठेवलेल्या नावाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे मनातच आलं नाही.

साहेब आले की सांगायचं.


१४ जाने. संक्रांत

सरोजजी आल्या होत्या. दर वर्षी येतात. सौ. तिळगूळ देते, त्या हौसेनं "गोड़ बोला, गोड़ बोला" म्हणतात, ड त्यांचाच. आजही म्हणाल्या, पण हळू.

मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, रिपोर्ट आपने ही लिखी है न?"

"हाँ."

"तब ठीक है. कोई और लिखता तो डर लगता."

सौ. चहा ठेवायला आत गेली. त्या म्हणाल्या, "हमसे गलती कहाँ हुई, वही समझ में नहीं आ रहा. हमने आपसे पूछा भी था. याद है? आप डिब्बा खोल रहे थे. हमने पूछा, गुरुजी, ये खाली मतलब खाली ही न? आपने कहा, हाँ हाँ, खाली मतलब खाली."

आठवलं. सगळं आठवलं. मेथीची भाजी होती. मी वर न बघता बोललो होतो.

त्या दोषानं बोलत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. उत्तर माझ्याजवळ होतं, एका वाक्याचं. मी वाटी पुढे केली आणि म्हणालो, "और लीजिए."

त्यांनी घेतला. मुलींसाठी रुमालात बांधूनही घेतला.


१५ जाने.

जपात माळ मेरुमण्यावर आली की थांबून उलट फिरायचं असतं. आज तीनदा ओलांडून गेलो, कळलंच नाही.


१७ जाने., शुक्र.

साहेब आले. अकरा वाजता आत गेलो. म्हणालो, "सर, उस रिपोर्ट के बारे में..."

"बहुत साफ़ रिपोर्ट है, काले जी. अस्पताल के ट्रस्टवाले भी खुश हैं, आधे पन्ने में बात खत्म. शुक्ला का करार हम आगे नहीं बढ़ा रहे. आप तो जानते हैं, किसी पर तो आना था."

मग त्यांनी विचारलं मी कशासाठी आलो होतो. मी म्हणालो, प्रिंटरची रिबन संपत आलीय.

रिबन मंजूर झाली.

बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. समोर नामनियमांची प्रत, अकरा पानं, पहिल्या पानावर 'संकलक: श्री. काले'. गावच्या शाळेत गुरुजी पाटीवर नाव लिहायला लावायचे आणि म्हणायचे, नावाखाली रेघ ओढ, म्हणजे ते तुझं झालं. अहवालावर सही करताना मी रेघ ओढतो. अजून ओढतो.


१९ जाने., रवि.

रामनगरला गेलो, त्या बाईंच्या नवऱ्याला शोधायला. खिडकीवरच्या कारकुनाला आठवत होतं, "दर्जी थे, चौक के पास दुकान." एवढंच. रुग्णालयाच्या नोंदींत काही नाही. ज्यांना खाट मिळते त्यांचं नाव फाईलमध्ये येतं. जिला मिळाली नाही तिच्या नावासाठी मी रकानाच केलेला नाही.

मुन्शी घाटावरून नाव. पलीकडचा काठ दिसत नव्हता. नावाडी मधूनमधून हाक घालायचा आणि समोरून हाक आली की त्या बाजूला वल्हवायचा.

शिंप्याचं दुकान बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, "मास्टर के यहाँ कल तेरहवीं है. दो-चार दिन बाद आइए. जल्दी है तो आगे और दर्जी बैठे हैं."

म्हटलं, यांच्याकडूनच शिवायचंय.

"अच्छा सिलते हैं," तो म्हणाला. "बोलते कम हैं. अब तो और कम बोलेंगे."


२३ जाने.

सरोजजींच्या टेबलाचा ड्रॉवर रिकामा करून त्यांच्या वस्तू पिशवीत भरून ठेवायला साहेबांनी मला सांगितलं. कंगवा, डोकेदुखीचं मलम, मुलीनं काढलेलं पोपटाचं चित्र, नामनियमांची प्रत. प्रतीत नियम चारखाली पेन्सिलीनं रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात: "गुरुजी खुद हिंदी में रखते हैं, पूछना."

पूछना. आणि त्यांनी विचारलं होतं.

अहवालात मी 'नियमांकडे दुर्लक्ष' लिहिलंय.


२६ जाने., रवि.

आज दुकान उघडं. मास्टर माझ्याच वयाचे, कदाचित चार-पाच वर्षांनी मोठे. डोकं भादरलेलं, त्यावर गमछा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"क्या सिलवाना है?"

"कुर्ता." कापड शेजारच्याच दुकानातून घेतलं होतं.

माप घेताना म्हणाले, "साँस मत रोकिए, बाबूजी. रोककर नाप देंगे तो बाद में कुर्ता तंग होगा." मी रोखला होता, मला कळलं नव्हतं. दुसऱ्यांदाही रोखला गेला. ते थांबले. हसले नाहीत. टेप हातात धरून उभे राहिले, मी श्वास सोडेपर्यंत.

शिलाई मशीनच्या अंगावर पिवळ्या रंगात नाव लिहिलेलं: कलावती. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"मशीन उनकी है. मायके से लाई थीं. हम तो हाथ से सिलते थे. मशीन चलाना उन्होंने सिखाया. शुरू-शुरू में हमारी सिलाई देखकर कहती थीं, ये टाँका है कि बकरी की चाल?"

तेव्हा कुठे मला त्यांचं नाव कळलं. अठरा दिवस मी मनात 'त्या बाई' म्हणत होतो.

मग आपणहूनच बोलले, कापडावर खडूनं खुणा करता करता, माझ्याकडे न बघता. "साँस फूल रही थी. खिड़कीवाला बाबू भला आदमी था. दो बार देखा उसने. बोला, चाचा, मशीन कह रही है जगह नहीं है. अब मशीन से कौन बहस करे? आदमी होता तो हाथ-पैर जोड़ते."

थोड्या वेळानं, "आप क्या काम करते हैं?"

"लिखने का."

"मुनीमी?"

"वैसा ही कुछ."

"एक हफ़्ते में दे देंगे," म्हणाले.

परत येताना नावेत एक म्हातारी मला म्हणाली, बेटा, पानी मत छुओ, ठंड लगेगी. माझा हात पाण्यात होता.


२७ जाने.

सौ.ला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग त्या दिवशी सरोज आली तेव्हा तुम्ही तिला आणखी तिळगूळ दिला."

"हो."

 संध्याकाळी पान वाढताना म्हणाली, "भात खाली झालाय." मग आपणच थांबली आणि म्हणाली, "रिकामा. पातेलं रिकामं झालंय." गेल्या बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी न सांगता. मला ते ऐकवेना. म्हटलं, सुमन, तू तुझ्यासारखंच बोल.


३० जाने., गुरु.

केलं. अर्धं केलं.

सकाळी पंचगंगेवर नेहमीसारखं. आज देवाकडे काही मागितलं नाही. मागायला गेलं की मी सवलतच मागतो असं ध्यानात आलंय.

केंद्रात जाऊन आधी पत्र लिहिलं, हिंदीत, हातानं. १० तारखेचा माझा अहवाल खोटा नाही, पण चूक ज्याची त्याचं नाव त्यात नाही. रकान्याचं नाव मी दिलं. नियम चार मीच मोडला. शुक्लाजींनी अर्थ विचारला होता आणि मी न बघता हो म्हणालो. त्यांनी फाईलमध्ये जे लिहिलेलं होतं तेच वाचलं. हे मला ११ तारखेपासून माहीत आहे. त्यांचा दोष काढून तो माझ्या नावावर लिहावा. सही केली. खाली रेघ ओढली.

आवक-जावकच्या टेबलावर नेऊन शिक्का मारून घेतला, नंबर घेतला. शिक्का बसल्यावर पत्र मागे घेता येत नाही. म्हणूनच आधी तिथे गेलो, साहेबांकडे नंतर.

मग रकान्याचं नाव बदललं. LGROUND. साधं, दहा अक्षरांच्या आत. नोव्हेंबरात सुचलं असतं तर. फाईलच्या डोक्यावर टीप घातली: आधीचे नाव LKHALI, देणारा काळे, मराठीत अर्थ खालचा मजला, हिंदीत रिकामा, या नावामुळे ८ जानेवारीला कलावती, रामनगर, यांना जागा असून मिळाली नाही. रोमन अक्षरांत लिहिलं. माझ्या नावातला ळ तिथेही नाहीच आला.

चाळण चालवली. कागदाच्या तळाशी: एकूण दोष १. टीप सत्तर अक्षरांपेक्षा लांब. दोन-तीन ओळी केल्या असत्या तर दोष गेला असता. तसाच राहू दिला. पट्ट्या फाडल्या, तारीख घातली, आठ तारखेच्या कागदावर हा लावला.


३१ जाने., शुक्र.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. दरवाजा लावून घेतला आणि म्हणाले, "ये क्या किया, काले जी? बात दब गई थी. अब चिट्ठी ऊपर जाएगी. ट्रस्ट पूछेगा पहली रिपोर्ट किसने मानी. मैंने मानी." मग, "आपकी पेंशन का क्या होगा, सोचा है?"

"शुक्ला जी का करार, सर?"

"आज खत्म हो रहा है. आज तो खत्म ही होगा. आगे देखेंगे." कागद उलटा करून ठेवला.

सुटल्यावर पिशवी घेऊन सरोजजींच्या घरी गेलो. दारातच उभं राहून सांगितलं. आत मुली पाढे म्हणत होत्या.  त्यांनी बोटांवर मोजलं. "ग्यारह तारीख से? मतलब संक्रांत के दिन भी मालूम था?"

"मालूम था."

"हम घर में सबसे कहते रहे कि गुरुजी की रिपोर्ट है, सच ही होगी."

पिशवी घेतली. आतलं पोपटाचं चित्र तिथेच काढून बघितलं, घडी घातली. म्हणाल्या, "ठीक है, काले जी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा काले जी.


१ फेब्रु., शनि.

उद्या रामनगर. सौ. म्हणाली, मीही येते. नको म्हटलं. कुडता आणायला बायको कशाला, असं म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही कुडता आणायला जात नाही आहात.


२ फेब्रुवारी, रविवार

धुकं नव्हतं. रामनगरचा किल्ला इथूनच दिसत होता, तट, बुरूज, सगळं. नावेत पाचच माणसं.

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, लग्नाच्या शेरवानीचं. ते जाईपर्यंत बाकड्यावर बसलो. मास्टर म्हणाले, "आइए बाबूजी, आपका तो तैयार है, बस..." आणि मशीनवरचं काम पुरं करू लागले.

मी म्हणालो, "मास्टरजी, पहले एक बात सुन लीजिए. उस दिन आपने पूछा था मैं क्या लिखता हूँ."

सांगितलं. खिडकीवरच्या त्या मशीनमध्ये जे लिहिलेलं होतं ते मी लिहिलेलं. एक नाव होतं. ते कसं पडलं, का पडलं, तेही सांगितलं. LLOWER आणि नियम सात त्यांना काय कळणार, तरी सांगितलं, गाळावंसं वाटलं नाही. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

त्यांनी मशीनच्या चाकावर तळवा ठेवून ते थांबवलं. तळवा तसाच राहिला.

मग विचारलं, "आपके यहाँ खाली माने नीचे?"

"हाँ."

"और हमारे यहाँ..."

"जानता हूँ."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शेजारी पानवाला कुणाशी तरी हसत होता.

"मतलब," ते म्हणाले, "जगह ऊपर थी."

"थी. चार."

त्यांनी चष्मा काढला, काडीचा दोरा उलगडला, पुन्हा गुंडाळला. माझ्याकडे बघितलं नाही. मशीनवरच्या नावाकडेही नाही. मी वाट बघत राहिलो. ते ओरडतील असं वाटलं होतं, किंवा उठून जा म्हणतील. दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

कुडता त्यांच्या मागे खिळ्याला टांगलेला होता. हात मागे करून त्यांनी त्याची बाही जराशी सरळ केली.

"काज बाकी हैं," म्हणाले. "अगले इतवार आइए."

तिन्ही काजं झालेली मला बसल्या जागेवरून दिसत होती. मी बरं म्हणालो आणि उठलो.